ओइवाच्या काठ्या आणि कुठलाही मासा

लिही. तुझ्या आईला वाटतं माझा धाकटा भाऊ ओइवा मुकाच होता. मुका कुठला! बोलावं लागेल असं काही घडतच नव्हतं, म्हणून बोलत नव्हता, एवढंच.

तळ्याकाठी त्याचं होडीचं खोपट होतं ना, त्याच्या आतल्या भिंतीवर लाकडी खुंट्या होत्या. दर खुंटीला गळाची एक काठी, आणि एका जातीच्या माशाला एकच काठी. हाउकीची काठी आखूड आणि जाड. हाउकीचे दात म्हणजे करवत, म्हणून गळाच्या आधी वीतभर तार लावायची, नाहीतर तंगूस तोडून पसार होतो. त्याला पितळेचा चमचा पाण्यात चमकवत ओढायचा, की आला धावत. आहवेन पट्ट्यापट्ट्यांचा, तळहाताएवढा. त्याला बारीक गळ, गांडूळ, आणि काठी अशी लवचीक की शेजारी कुणी शिंकलं तरी वाकावी. कुहा खोल पाण्यातला, काचेच्या डोळ्यांचा. त्याला उजेड सोसत नाही, म्हणून शिसं जड लावायचं आणि लाकडाचा खोटा मासा तळाशी हळूहळू ओढायचा. आणखीही होत्या काठ्या. भिंत भरलेली, रिकामी खुंटी एक नाही.

एकदा आहवेन धरायला बसलो होतो, तर गांडूळ गिळून हा मोठा हाउकी आला. माझ्या हाताएवढा लांब. बारीक तंगूस, तरी तुटला नाही, नशीबच म्हणायचं. ओइवानं त्याला होडीत घेतला, गळ काढला आणि परत पाण्यात सोडला. मग हाउकीची काठी काढून त्याच जागी बसून राहिला.

मी म्हटलं, "अरे, हातात आला होता की!"

"चुकून आला होता," म्हणाला. "आहवेनच्या काठीला."

त्या दिवशी आम्ही नुसते उकडलेले बटाटे खाल्ले.

तर समोरच्या काठावर ताइमी राहायची. विधवा, डेअरीत कामाला. ओइवा दर शनिवारी होडीनं जायचा, तिच्या साउनासाठी, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरासाठी, लाकडं फोडायचा, कॉफी प्यायचा आणि परत यायचा. अशी किती वर्षं गेली! सगळं गाव वाट बघत होतं की हा आज तरी काहीतरी बोलेल. हा म्हणायचा, "लाकडं ओली आहेत."

ताइमीची मुलगी स्वीडनला. तिनं आईसाठी खोली रंगवून ठेवली, पडदे लावले. ताइमी मला म्हणाली, "मला जायचं नाही गं. पण राहा असं कुणी म्हणतही नाही. मी काय दारावर पाटी लावू?"

मग तिनंच एक केलं. ओइवाला म्हणाली, "युहान्नुसच्या सणाला दुपारी जेवायला ये. येताना मासा आण."

"कुठला?"

"कुठलाही."

मला बाजूला घेऊन म्हणाली, "मासा घेऊन आला तर समजेन, मी राहावं असं त्याला वाटतं. नाही आला तर सोमवारच्या बसनं मी जाते. त्याला सांगू नकोस हं."

सांगू नकोस म्हणजे सांगच. मी सांगितलं.

युहान्नुस म्हणजे आमचा भर उन्हाळ्यातला सण. त्या सकाळी पाहते तर हा खोपटात, भिंतीकडे तोंड करून उभा. दाढी केलेली, अंगात चांगला सदरा.

"अरे, निघ की!"

"'कुठलाही' या माशाला कुठली काठी?"

"कुठलीही घे!"

"तशी काठी नाही माझ्याकडे." मग म्हणतो, "कुहा न्यावा तर वाटेल, महागाचा मासा आणून मिरवतोय. हाउकी न्यावा तर काटे. आहवेन न्यावा तर सोलायचं काम तिच्या गळ्यात."

"तिला मासा नकोय, गाढवा!"

"मासा आण म्हणाली."

मी पुढं गेले, ताइमीला बटाटे सोलू लागायला. जेवायची वेळ झाली आणि हा आला. हातात मासा नाही. खांद्यावर भिंतीवरच्या सगळ्याच्या सगळ्या काठ्या. ताइमी दारात उभी, मागे घरात तिची बांधलेली सूटकेस. तिचा चेहरा एवढासा झाला.

ओइवा म्हणाला, "तू निवड. कुठला ते सांग, मी धरतो."

"मला माशांतलं काय कळतंय, ओइवा?"

"मग चल होडीत."

गेलो तिघं. बटाटे तसेच चुलीवर. ताइमीनं त्याच्या एकाही काठीला हात लावला नाही. साउनाच्या छपराखाली तिच्या मुलीची लहानपणची काठी खोचलेली होती, नुसती फांदी, वर बूच आणि गळ, ती घेतली. गांडूळ लावलं, टाकलं. बूच लगेच बुडालं. ओढलं तर सार्की. चांदीसारखा, लाल डोळ्यांचा, बोटभर. आमच्याकडे तो मांजरांना घालतात.

"आला मासा," ताइमी म्हणाली.

ओइवा बघतच राहिला. "सार्की."

"मासाच ना?"

"मासाच."

"मग?"

"याची काठी नाही माझ्याकडे."

"बरं," ताइमी म्हणाली, आणि तळ्याकडे बघत बसली.

ओइवानं वल्ही घेतली. पण होडी तिच्या काठाला नेली नाही, आपल्या नेली. ती फांदीची काठी तिच्या हातातून घेतली आणि खोपटात शिरला. आतून ठोकल्याचा आवाज. बराच वेळ ठोकत होता. बाहेर येऊन म्हणाला, "आता आहे."

आम्ही आत डोकावलो. भिंतीवर नवी खुंटी, हाउकीच्या आणि कुहाच्या खुंट्यांच्या मधोमध, आणि तिच्यावर ती फांदी.

ताइमी म्हणाली, "ती माझी काठी आहे."

"हो."

"मग स्वीडनला मी मासे कशानं धरू?"

ओइवाचे कान लाल झाले. "तिकडे नको. इथं धर."

ताइमीनं ॲप्रनच्या टोकानं नाक पुसलं आणि म्हणाली, "बटाटे जळले असतील."

जळलेच होते. सार्की लोण्यात परतला, तिघांत वाटून खाल्ला. काट्यांशिवाय त्यात काही नव्हतं.

सोमवारी बस आली, ताइमीच्या वळणावर थांबली, भोंगा वाजवून गेली. सूटकेस ओइवानं होडीतून आपल्याकडे आणली, रिकामी केली आणि त्यात गळाचं सगळं शिसं भरून ठेवलं. मी एकदा सरकवायला गेले, जागची हलली नाही.