बोलणाऱ्या एकोणतीस, करणारी मी

"ब्रिंग मी अ ग्लास ऑफ वॉटर," इंग्रजीच्या मॅडम म्हणाल्या. मी उठले. बाहेरच्या फिल्टरवरून ग्लास भरून आणला आणि त्यांच्यापुढे धरला.

तीस मुलींचा सगळा वर्ग खो खो हसला. मॅडमही हसल्या. "अगं वेडाबाई, उदाहरण होतं ते!"

मला काय माहीत? मी पेठकडच्या आदिवासी पाड्यावरची. आमच्याकडे कुणी पाणी म्हटलं की हातातलं काम टाकून उठायचं, एवढंच ठाऊक. ते इंग्रजी वाक्य वर्गात सर्वांत आधी मला कळलं होतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

नाशिकच्या नर्सिंग कॉलेजात माझं हे पहिलं वर्ष. धडा सोपा होता. कुणासाठी काही करायचं असेल तर इंग्रजीत तो माणूस क्रियापदाला खेटून बसतो, वस्तू त्याच्या मागे येते. 'साठी' लागत नाही. हुकूम असेल तर करणाऱ्याचं नावसुद्धा लागत नाही.

त्या हसण्यातून मॅडमना युक्ती सुचली. दर मंगळवारी सराव. एकेका मुलीनं पुढे येऊन वाक्य म्हणायचं, मी ते करून दाखवायचं. "गेट हर अ चेअर." आणली. "फाइंड मी अ पेन." बाकाखाली वाकून शोधलं. "मेक मी अ कप ऑफ टी." स्टाफरूममध्ये जाऊन खरा चहा केला. तो मॅडम प्यायल्या.

तोंडी परीक्षेत अशी दहा वाक्यं स्वतः म्हणायची होती, बाहेरच्या परीक्षकांसमोर. नापास झालं की वर्ष गेलं. चार महिन्यांत माझ्या तोंडून एक वाक्य निघालं नव्हतं. मी मॅडमकडे बोलायची पाळी मागायला गेले.

मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "तुझे उच्चार अजून कच्चे आहेत गं. आणि तुम्हा लोकांना कामाची सवय असते. तेच छान जमतं तुला."

मी हसले. होय, हसले. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

रविवारी निफाडला गेले. आई-बाबा तिथे द्राक्षबागेत छाटणीच्या कामावर होते. आई जेवायला बसली होती. बंगल्यातून मालकीणबाईंची हाक आली, "चहा टाक गं आम्हाला!" आईनं हातातला घास ताटात ठेवला आणि उठली.

"जेव ना आधी," मी म्हटलं.

"बोलावलं तं जावं लागतं, बाय."

तिची भाकरी माझ्यासमोर वाळत राहिली. आई नाही म्हणाली असती तर दोघांचं काम गेलं असतं. माझं काय जाणार होतं? मग मी कशाला उठत होते? परतीच्या एसटीत मला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त आला.

मंगळवारी सरिता पुढे आली. ही माझीच रूममेट. "मेक मी अ कप ऑफ टी."

मी बसून राहिले.

"ऊठ गं," मॅडम म्हणाल्या.

"नो, मॅडम. टुडे आय विल स्पीक."

मी पुढे गेले आणि दहाही वाक्यं म्हटली. तिसऱ्या वाक्यात अडखळले, ते पुन्हा म्हटलं. सरिता खाली बघत होती. कुणी हललं नाही. माझ्या वाक्यावर उठायचं असतं, हे कुणाला सुचलंच नाही.

मॅडमचा चेहरा लाल झाला. "उद्धट! माफीनामा लिहून दे, तरच तोंडीला बसू देईन."

मी लिहून दिलं. माफी नव्हे, तक्रार. सबंध सत्रात मला एकदाही बोलू दिलं नाही. मंगळवारी कुणी काय सांगितलं आणि मी काय केलं, सगळं ओळीनं. खाली पूर्ण नाव, पाडा, तालुका. एक प्रत प्राचार्यांना दिली, दुसरीवर पोच घेतली.

सरिता म्हणते, मिटवून टाक, वर्ष जाईल. जाईलही. भीती मलाही वाटते. पण परवा परीक्षेच्या दारात मी उभी असेन. आत घेतलं तर आत बोलेन. नाही घेतलं, तर परीक्षकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बाहेरून बोलेन.