आईची खूण

आमच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत एक बाई आहेत. उंची इतकी बेताची, की सातवीच्या रांगेत उभ्या राहिल्या तर पाहुण्यांना शोधून काढाव्या लागतात. मुलं त्यांना छोट्या बाई म्हणतात आणि मी नुसतं छोटी. मी त्याच शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. मधल्या सुट्टीचा चहा आम्ही दोघी बरोबर घेतो, आणि इतक्या वर्षांच्या चहात माणूस थोडंफार कळतंच. तिने मला तुकड्यातुकड्याने सांगितलेलं इथे सलग सांगते.

तिच्या वडिलांचं लाँड्रीचं दुकान, मागे राहायच्या दोन खोल्या. तिच्याहून आठ वर्षांनी मोठी बहीण, ताई, जन्मापासून ऐकू न येणारी. ताईला शाळेत घातलंच नाही. "तिथे बसून ती काय ऐकणार?" असं वडील म्हणाले आणि विषय संपला. दहाव्या वर्षी तिच्या हातात इस्त्री आली. आधी कॉलर, तीही उलट्या बाजूने, मग कफ, मग बाह्या, पाठ आणि सगळ्यात शेवटी पुढची बाजू. बटणांच्या मधूनही एक चुणी राहायची नाही. ताईने केलेली घडी मोडायला जिवावर येतं, असं गिऱ्हाइकं म्हणत.

घरात वीस-पंचवीस खुणा होत्या. बहुतेक आईने आणि ताईने मिळून बनवलेल्या. मिशीवरून बोट फिरवलं की वडील. हनुवटीवरच्या तिळाच्या जागी बोट टेकवलं की आई. कमरेशी आडवा तळवा धरला की छोटी. वडिलांना त्यातल्या जेवण, गिऱ्हाईक, लवकर, अशा चारच यायच्या. "मायलेकी दिवसभर माशा हाकलतात," म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

उरलेलं जग ताईपर्यंत पोचवायचं काम छोटीचं. तिला त्याचा अभिमानही होता. पण जेवताना कुणी काही बोललं, सगळे हसले, की ताई तिच्या कोपराला हात लावून भुवया उडवायची. काय झालं? छोटी वारा घातल्यासारखा हात हलवायची. काही नाही. एवढ्याशा खुणांत विनोद कसा बसवायचा? आणि तोवर ताटातलं गार व्हायचं.

छोटी रसायनशास्त्रात हुशार निघाली. विसाव्या वर्षी कापडाच्या शिक्षणासाठी परदेशी कॉलेजात जागा मिळाली, शिष्यवृत्तीही मिळाली. वडिलांनी दुकानात येईल त्याला सांगितलं. "आम्ही जन्मभर डाग काढले, आता ही डाग न पडणारं कापड काढणार."

तिकडे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तिची जीभ टाळ्याला चिकटली. पुस्तकातली भाषा येत होती, पण माणसांच्या तोंडातून ती वेगळीच बाहेर पडायची. ती अडखळली की समोरचा मोठ्या आवाजात बोलायचा, जणू ऐकण्यातच दोष आहे. वसतिगृहाच्या ऑफिसात ती खिडकीसमोर उभी असताना आतल्या माणसाने तिच्या खोलीतल्या मैत्रिणीला विचारलं, "हिला काय हवंय?" मैत्रिणीने सांगितलं. दोघांनी मिळून तिचं काम चांगलं केलं. तिच्याकडे मात्र कुणी पाहिलं नाही.

मग एके दुपारी खाणावळीत सगळं टेबल खदखदून हसलं. छोटीही हसली, न कळता. मग न राहवून मैत्रिणीला विचारलं, "काय झालं?"

"काही नाही गं. मोठी गोष्ट आहे, सोड."

"मला ताई आठवली," छोटी मला म्हणाली. "प्रेमाने नाही हं. चोरी पकडली गेल्यावर पोलीस आठवावा, तशी आठवली."

शनिवारी ती वसतिगृहाच्या धुलाईघरात काम करायची. यंत्रांच्या खडखडाटात तिथे ऐकणारेही बहिरेच. पलंगाच्या मोठ्या चादरींच्या घड्या घालायला दोन माणसं लागतात. तिच्यासमोर चादरीचं दुसरं टोक धरायला पन्नाशीची एक जाडजूड बाई होती. छोटीने सवयीने घरचीच खूण केली, लवकर म्हणून. त्या बाईने चादर खाली ठेवली, छोटीचा हात हातात घेतला, मान हलवली आणि तीच गोष्ट आपल्या पद्धतीने करून दाखवली. ती जन्मापासून बहिरी होती.

त्या चादरवाल्या बाईने छोटीला तिकडची खुणांची भाषा शिकवली. बाई बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. कुणाचं कुणाशी जमलंय, कोणता साहेब कामचुकार आहे, तरुणपणी नवऱ्याला कसं चकवलं, सगळं हातांनी. त्या भाषेत शिव्या होत्या, टोमणे होते, काल आणि उद्या होतं, जर आणि तर होतं. छोटी थक्क झाली. ताईजवळ "का" विचारायला भुवयांपलीकडे काही नव्हतं.

एकदा बाईने विचारलं, "तुझ्या बहिणीला कशाची भीती वाटते? ती रुसते कशावर?" छोटीला ठाऊकच नव्हतं. वीस वर्षं एका अंथरुणावर झोपली होती ती ताईजवळ.

दुसऱ्या वर्षी तिने कापडाचा विषय सोडला आणि कर्णबधिरांना शिकवायच्या अभ्यासक्रमात नाव घातलं. त्यासाठी शिक्षण एका वर्षाने लांबत होतं. वडील फोनवर कडाडले. "हातवारेच शिकायचे होते तर इतक्या लांब कशाला गेलीस? घरात कमी होते का?"

आईने फोन ओढून घेतला. "शीक गं. आल्यावर मलाही शिकव. माझ्या खुणा आता अपुऱ्या पडतात तिला."

त्याच वाढीव वर्षात आई गेली. वडिलांचा फोन आला तो सगळं आटोपल्यावर. डोक्यात काहीतरी फुटलं, दोन दिवस दवाखान्यात होती, काल नेलं. "तू परीक्षा दे," म्हणाले. "येऊन आता काय बघणार आहेस?"

"ताईला सांगितलं का?"

"तिला डोळे आहेत की."

छोटीने व्हिडिओ कॉल करायला लावला. पडद्यावर ताई आली. तिने हनुवटीला बोट टेकवलं आणि भुवया उडवल्या. छोटीला तोपर्यंत हजारभर खुणा येत होत्या, पण त्या त्या देशाच्या. ताईला त्यातली एकही कळली नसती. आणि घरच्या वीस-पंचवीसांत सांगता येण्यासारखं ते नव्हतं. छोटी नुसती रडली. ताईने थोडा वेळ पाहिलं, फोन पालथा ठेवला. पुढे इस्त्रीचे आवाज येत राहिले.

परत आल्यावर छोटीला नव्याने शिकावं लागलं, कारण आपल्याकडची खुणांची भाषा वेगळी. वर्षभराने ती आमच्या शाळेत लागली. ताईला शिकवायचा विषय काढला तर ताई पाठ फिरवायची. तिशी ओलांडलेली बाई, लहान मुलांसारखं काय शिकायचं? मग छोटी रोज संध्याकाळी इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहू लागली. बटण. बाही. गरम. पांढरा. सहा महिने ताईने डोकं वर केलं नाही. एक दिवस छोटीने "निळा" चुकीचा केला आणि ताईने इस्त्री उभी ठेवून तो बरोबर करून दाखवला. म्हणजे बघत होती सगळं. त्यानंतर गाडी धावायला लागली. दीड वर्षात ताई वाक्यं करू लागली.

आणि एका सुट्टीच्या दिवशी, चादरी वाळत घालताना, ताईने विचारलं, "आईला मी मारलं का?"

छोटीला वाटलं आपण चुकीचं वाचलं. ताईने पुन्हा, सावकाश सांगितलं. त्या सकाळी आईने गोळी मागितली. ताईने डब्यातून काढून दिली. आईने घेतली आणि थोड्या वेळाने पडली. गोळी चुकली होती का? तीन वर्षं ती हे पोटात घेऊन लोकांचे शर्ट इस्त्री करत होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि तिला काय वाटतं हेही कुणी विचारलं नव्हतं.

छोटीने दुसऱ्याच दिवशी तिला आईच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर छोटीकडे बघून बोलू लागले. "तिच्याकडे बघून सांगा," छोटी म्हणाली. "प्रश्न तिचा आहे."

डॉक्टरांनी जुनी फाइल मागवली, नीट वाचली. "गोळी रोजचीच होती. तिचा काही संबंध नाही. रक्तवाहिनी फुटली होती. वाचा गेली होती, उजवी बाजूही गेली होती. डाव्या हाताने मात्र सारखं काहीतरी खुणावत होत्या."

छोटीने ते शब्दन् शब्द सांगितलं. ताईने विचारलं, "कुणाला?"

"सगळ्यांनाच," डॉक्टर म्हणाले. "आम्हाला काही कळलं नाही."

दोघी घरी आल्या तेव्हा वडील गल्ल्यावर होते. छोटीने विचारलं, आई काय खुणावत होती? वडिलांचा चेहरा उजळला. ही गोष्ट त्यांनी तीन वर्षांत अर्ध्या गावाला सांगितली होती. "आशीर्वाद देत होती. दोन दिवस देत होती. सगळ्यांना."

"करून दाखवा म्हणते ताई."

वडिलांनी डावा हात वर केला, बोटं पसरली, आणि पसरलेली बोटं सावकाश मिटत खाली आणली. ताईने एकदाच पाहिलं. ही खूण तिला ओळखावी लागली नाही. रोज दुकान बंद करताना आई दारातून तिला हेच करायची.

"दिवा बंद कर, म्हणत होती आई," ताईने छोटीला सांगितलं. "डोळ्यांवर येत असेल."

"काय म्हणतेय?" वडिलांनी विचारलं.

"त्या क्षणी माझ्या तोंडात खोटं तयार होतं," छोटी मला म्हणाली. "हो, आशीर्वादच म्हणतेय, एवढंच म्हणायचं होतं. म्हातारा माणूस. पण ताई माझ्याकडे बघत होती. आयुष्यभर तिचं बोलणं आम्हाला सोयीचं करून घेतलं, आज पुन्हा करू?" तिने सांगून टाकलं.

"दिवा?" वडील म्हणाले. आणि धुवायच्या कपड्यांच्या गाठोड्यावर बसले. "डोक्यावरच होती ट्यूबलाइट. दिवसरात्र चालू असायची. मी... मी तिचा हात धरून खाली ठेवत होतो. दमशील म्हणत होतो."

ताई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग बाहेर, दवाखान्याच्या दिशेला दाखवलं, आणि भुवया उडवल्या. मला का नेलं नाही? हे वडिलांना कुणी सांगावं लागलं नाही.

"दुकान बंद राहिलं असतं," ते म्हणाले. छोटीने तेही ताईला सांगितलं.

आशीर्वादाची गोष्ट वडिलांनी पुन्हा कुणाला सांगितली नाही. ते गल्ल्यावर बसत, पण हिशेबात चुकायला लागले, बोलायचं सोडलं. पुढच्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि गेले. आपण सांगितलं ते बरोबर की चूक, हे छोटी मला अजून विचारते.

आता दुकान ताई चालवते. छोटीने तिला लिहा-वाचायलाही शिकवलं, त्यामुळे गिऱ्हाइकांशी वहीवर लिहून बोलते, उधारीवाल्यांना चांगलं खरमरीत लिहिते. दोघी बहिणी आता भांडूही शकतात. एका भांडणात ताई म्हणाली, "तू तिकडे गेलीस आणि शहाणी झालीस. तू असतीस तर आईजवळ मला तूच नेलं असतंस."

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"काय म्हणणार? गेले नसते तर मीही तिला दुकानातच बसवलं असतं. पण हे तिला सांगून काय उपयोग?"

छोटी रोज संध्याकाळी शाळेतून थेट दुकानात जाते. टेबलाच्या पलीकडे उभी राहून शर्टांची बटणं लावते, मोज्यांच्या जोड्या जुळवते. ताई काही दिवस तिच्याशी बोलते, काही दिवस मान वर करत नाही. न बोलण्याचे दिवस अजून जास्त आहेत.