मशीनचा आवाज बसला

निमगाव केतकीत काचेच्या व्हॉल्व्हचं स्पीकर-मशीन राखून असलेला मी शेवटचा माणूस. हे मी बढाई म्हणून सांगतोय असं कुणाला वाटलं, तर वाटू द्या. शाळा माझी तिसरीपर्यंत झाली, पण कुठला व्हॉल्व्ह कुठं बसतो आणि कुठला नुसता ढिला झाला तरी आवाज फाटतो, हे मला झाकण न उघडता सांगता यायचं. नव्वद सालानंतर सगळीकडं ट्रान्झिस्टरची हलकी मशीनं आली. एका हातात उचलावीत, खटका दाबला की लगेच बोलावीत. माझं मशीन उचलायला दोन गडी लागायचे आणि खटका दाबल्यावर ते आधी तापायचं, मग बोलायचं. मी म्हणायचो, शहाणा माणूस बी असाच बोलतो.

हे मशीन आमच्या बेंजो पार्टीचं होतं. म्हणजे मशीन माझं, पार्टी बेंजोमास्तरांची. बेंजोला वायर लावायची, ती माझ्या मशीनात खोचायची, वर दोन कर्णे बांधायचे आणि वरातीपुढं चालायचं. वीस वर्षं असंच चाललेलं.

त्या साली तुळशीची लग्नं झाली आणि पहिल्याच वरातीत मशीनचा आवाज बसला. मास्तर बेंजोवर बोटं आपटत होते आणि कर्ण्यातून असा आवाज येत होता, की जणू कुणी शेजारच्या गावात वाजवतंय. मध्येच मी मशीनला थाप मारली की आवाज उसळायचा, वरात नाचायला लागायची, आणि हात उचलून धरलेल्या माणसांचे हात वर असतानाच आवाज पुन्हा खाली. नवरीच्या मावशीनं मास्तरांना विचारलं, "अवं, जेवला न्हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी मास्तर माझ्या दारात येऊन, चहा पिऊन, मग बोलले.

"आबा, कळंबचं लग्न रविवारी हाय. तवर आवाज उठला तर तुमचं मशीन. न्हायतर इंदापूरचं ट्रान्झिस्टरचं ठरवून टाकतो. आन एकदा ते आलं की मग कायमचंच आलं बघा."

"त्या डब्याला मशीन म्हंता?"

"डबा तर डबा. पण बोलतोय न्हवं."

माझ्या जिवाला ते लागलं. मशीन गेलं की मी कोण? वरातीत सगळ्यात पुढं चालणारा माणूस मग सगळ्यात मागं पंगतीत बसणार.

मी कामाला लागलो. वीज कमी येत असेल म्हणून दिवा लावून बघितला, दिवा झकास. मग व्हॉल्व्ह काढून इकडचे तिकडं केले, मायकची वायर बदलली, कर्ण्याची वायर बदलली, कर्णाच बदलला. पेन्सिलीनं एकेका व्हॉल्व्हवर टिचकी मारली. शेवटी मायक लावून "हॅलो, हॅलो" केलं, तर दारातल्या शेळीनंही मान वळवली नाही.

मग मी खरं कारण शोधून काढलं. बायकोला म्हणालो, "तूच ओलं फडकं फिरवलं असशील मशीनवर."

"मी? त्या मशीनला वीस वरसात बोट लावू दिलंय का मला?"

"मग पाणी कसं गेलं आत?"

"पानी गेलंय असं तुमाला कोन म्हनलं?"

मी रागावून बाहेर गेलो.

गुरुवारी दोन गड्यांकडून मशीन यष्टीत चढवून बारामतीला नेलं. कंडक्टर म्हणाला, ह्याला सीट लागंल. मी म्हणालो, मांडीवर घेतो. निम्मी वाट जाईपर्यंत मांड्या बधिर झाल्या, पण दिलेला शब्द मी खाली ठेवला नाही आणि मशीनही नाही. बारामतीत आमचे एक रेडिओवाले तात्या होते. कथलाचा डाग देऊन तारा जोडायला मला त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"काय काय करून आलाईस?"

"समदं."

"एकाच दमात?"

"मग? एकेक करत बसू?"

"व्हय. एकेकच करायचं असतंय. एक बदलायचं, ऐकायचं. मग दुसरं. तू समदं हलवून आलास, आता कुनाला दोष द्यायचा?"

"बायकोला दिलाय."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. आपल्या टेपची वायर मशीनच्या मागच्या भोकात खोचली, खटका दाबला. मशीन तापलं. आणि मग दुकानाची फळी थरथरली हो! समोरचा केळीवाला हातातली फणी टाकून दोन्ही कान धरून उभा राहिला. तात्यांनी अर्धा तास मशीन तसंच वाजतं ठेवलं. आवाज तसूभर हलला नाही.

"तुज्या मशीनला काय झाल्यालं न्हाय," तात्या म्हणाले. "बेंजो आनायचा हुतास."

"आजारी मशीन हाय, बेंजो न्हाय."

"मंग मायक तरी आनायचा."

मायकही मी आणला नव्हता. पण आवाज तर आला होता. मी मान ताठ करून परत निघालो. येताना मांड्यांना काहीच जाणवलं नाही. घरी पोचून मशीन ओसरीत ठेवलं, बायकोला समोर बसवलं, मायक पुढच्या भोकात खोचला आणि म्हणालो, "आता ऐक." मशीन तापलं. "हॅलो," मी म्हणालो.

"ऐकू आलं," बायको म्हणाली, "पर त्ये तुमच्याच तोंडातनं."

शुक्रवारभर मी मशीनशी बोललो नाही. बायकोशीही नाही. शनिवारी सकाळी ओसरीत बसून, आता मास्तरांना काय निरोप धाडावा ह्याचा विचार करत होतो. बायको दळणाचा डबा डोक्यावर घेऊन निघाली होती. पायरी उतरता उतरता थांबली.

"अवं, तुमच्या मशीनात मुंग्या कशाला जात्यात?"

"मुंग्या कुठंबी जात्यात. तू दळण आन."

ती गेल्यावर मी बघितलं. चार-पाच काळ्या मुंग्या, एकीमागं एक, मशीनच्या पुढच्या भोकात शिरत होत्या. मायकची आणि बेंजोची पिन आम्ही जिथं खोचतो त्याच भोकात. तात्यांनी वायर लावली होती ती मागच्या, टेपच्या भोकात. आणि मला सगळं एकदम आठवलं.

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो. कुणाचा नांगर, कुणाची कुऱ्हाड, माझं मशीन. दरसाल मी झाकणाला हळदकुंकू लावायचो, फूल वाहायचो, झालं. पण त्या साली इंदापुरात ते ट्रान्झिस्टरचं मशीन आल्याचं कानावर आलं होतं आणि मला वाटलं, आपल्या मशीनचा मान आपणच वाढवायला पाहिजे. म्हणून घरात कुणी नाही असं बघून मी पुरणपोळीचा घास तुपात बुडवला आणि मशीनच्या तोंडाला लावला. मशीनचं तोंड कुठलं? जिथनं मायकचा आवाज आत जातो, तेच की. नुसता लावला असता तर निभावलं असतं. मी करंगळीनं थोडा आत सारला. तोंडाला लावून घास काढून घेणं मला बरं दिसलं नाही.

पान्यानं भोकाची चकती सोडवली. आतली पितळेची पट्टी, जी पिनेला धरते, तिच्यावर काळंभोर, चकचकीत काहीतरी बसलं होतं, खरवडल्याशिवाय निघेना. पिन खोचली की पट्टीला नुसती पुरणातून भेटायची. थाप मारली की पुरण सरकायचं आणि घडीभर आवाज यायचा. ब्लेडनं खरवडलं, चिंधी घासलेटात बुडवून पुसलं, वाळू दिलं, पुन्हा बसवलं. ह्यावेळी तात्यांचं ऐकून दुसरं काहीच हलवलं नाही. मायक लावला, मशीन तापू दिलं आणि सगळा जोर लावून म्हणालो, "हॅलो!"

शेळी दावं तोडून गेली. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. मी इतका खूष झालो, की चार वेळा हॅलो म्हणालो आणि एकदा स्वतःच्या नावानं जयजयकार केला. मशीन बंद करून हात पुसतोय, तर बायको दारात, डोक्यावर पिठाचा डबा.

"गिरणीपतोर ऐकू आलं," ती म्हणाली. "जयजयकारबी."

मी खरवडलेला चुरा मुठीत घेतला. तिनं डबा उतरवला, माझी मूठ उघडली आणि नाकाजवळ नेली. बायकांची नाकं फार वाईट.

"माज्या ओल्या फडक्याला जायफळाचा वास कवापास्नं यायला लागला?"

मी म्हणालो, "चुकलं माझं." लग्नाला तीस वर्षं झाली होती, हे शब्द आमच्या घरात तेव्हा पहिल्यांदा ऐकू आले असावेत. ती पदर तोंडाला लावून हसत आत गेली आणि शेजारणीला सांगायला मागच्या दारानं बाहेर पडली.

मास्तरांना मी एवढंच कळवलं, की पट्टीला गंज धरला होता, काढला. घरातली गोष्ट चारचौघांत कशाला न्यायची?

रविवारी कळंबला मशीन ट्रॉलीत चढवलं, कर्णे बांधले, जनरेटर चालू केला. मास्तर खिशात हात घालून माझ्याकडं बघत उभे होते. इंदापूरवाल्याला त्यांनी अजून नाही म्हणून कळवलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मशीन तापलं. मास्तरांनी बेंजोवर पहिला हात टाकला आणि पुढच्या पिंपळावरचे सगळे कावळे एकदम उठले. नवरदेवाचं घोडं मागं सरलं. पोरीबाळी, म्हातारे, आचारीसुद्धा मांडवाबाहेर आले.

दोन घटका वरात चालली. आवाज जागचा हलला नाही. मारुतीच्या देवळापाशी मास्तरांनी घाम पुसत मान वळवली आणि ओरडून म्हणाले, "आबा, जरा कमी करा! कान बधिर झाले!"

"काय म्हणता?" मी म्हणालो.

"कमी करा, कमी!"

मी कानाला हात लावून दाखवला, की काहीच ऐकू येत नाही. मग दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि मशीनपुढं चालायला लागलो.