हत्तीमागं गेलेले बगळे

चिरडलेल्या ओल्या गवताचा वास आला, की निजामाच्या बड्या अंमलदाराचा हत्ती आठवतो. नेकनूरच्या ओढ्याकाठी तो चरू लागला, तसे आमच्या म्हशींच्या पाठीवरचे बगळे गोचिडं टिपायचं सोडून त्याच्या पायांखालून उडणाऱ्या नाकतोड्यांमागं गेले. गावच्या बाया हत्तीला कुंकू लावून लेकरू मागत होत्या, आईनं मात्र भाकरी पुढं केली अन् हात जोडले, “गणराया, माझे बगळे तेवढे माघारी धाड. म्हशीला गोचिडांनी लई पिडलंय.” माहूत पोट धरून हसला. हत्ती गेला अन् बगळे परतले, तेव्हा आई म्हणाली, “आले व्हय शहाणे! कशापायी गेलते?” आता बगळे ट्रॅक्टरमागं पळताना दिसले, की मीही तसाच ओरडतो, पण त्यांनी परतावं, तर दावणीला म्हैसच उरली नाही.