हाताला काम, तोंडाला पाढे

‘तुम्ही पोरीला घरीच शिकवलं म्हणे,’ असं कोणी कौतुकानं म्हटलं की माझी आई अंजनाबाई चिडायची. ‘शिकवलं कायचं? पोरगी काम करत होती न मी बडबडत होती,’ असं म्हणून ती विषय तोडून टाकायची. आता माझ्या भाचीनं तिच्या मुलाला शाळेत न घालता घरीच ठेवलंय. त्याच्यासाठी वेगळी खोली, वेगळं टेबल, भिंतीवर नकाशे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सगळं हौसेनं दाखवते आणि अशा घरच्या शाळेचं इंग्रजी नावही सांगते. मी चहा पिते, मान डोलावते आणि मनातल्या मनात म्हणते, बाई गं, आमची शाळा सुपात भरायची.

ही सत्तर-पंचाहत्तर सालांमधली गोष्ट. धरमपेठेच्या मागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या. माझे बाबा देवराव हिंगण्याच्या एका कारखान्यात होते. सकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर यायची आणि बाबा डबा घेऊन धावत सुटायचे. आईचं माहेर रामटेकजवळच्या खेड्यातलं. तिथल्या शाळेत ती चौथीपर्यंत शिकली, कारण शाळाच चौथीपर्यंत होती.

मी पहिलीत असताना मला संधिवाताचा ताप आला. गुडघे सुजले, पुढे सूज उतरली, पण ताप जाता जाता काळजाला धक्का लावून गेला. डॉक्टरांनी सांगितलं, पोरीला पळू देऊ नका, जिने चढू देऊ नका, शाळा सध्या विसरा आणि इंजेक्शन चुकवू नका. माझा वर्ग माडीवर होता. शाळेनंही हात झटकले. ‘सध्या’ म्हणता म्हणता चार वर्षं गेली.

आईनं डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला होता. ‘हात हालवले तं चालते का?’

‘हात कितीही हलवू द्या,’ डॉक्टर म्हणाले.

तेवढ्या परवानगीवर आईनं शाळा काढली. बाबांनी कुणाकुणाकडून जुनी पुस्तकं मागून आणली. बाबा बसमध्ये बसले की चूल सारवून आई माझ्यासमोर सूप ठेवायची. पुस्तक तिच्या मांडीवर उघडं असायचं आणि काम दोघींच्या हातात. तिचा नेमच होता, हातात काम असल्याशिवाय धडा सुरू करायचा नाही. शेंगा मोडताना पाढे, तांदूळ निवडताना भूगोल, लाल मिरच्यांचे देठ काढताना इतिहास. कविता मात्र सरगुंड्यांना. भिजवलेल्या कणकेची बारीक लोळी काडीवर गुंडाळायची आणि एका सरगुंड्याला एक ओळ म्हणायची. ओळ चुकली की सरगुंडा उलगडून पुन्हा करायचा.

मला तिचा भयंकर राग यायचा. बाहेर गल्लीत पोरं काचेचे कंचे खेळायची आणि मी घरात मिरच्यांनी झोंबणारी बोटं फुंकत लढायांच्या तारखा सांगायची. ‘आई, काम नंतर करू नं, आधी पुस्तक वाचू,’ असं एकदा मी म्हणून पाहिलं.

‘रिकाम्या हातानं मले काई सुचत नाई वं वच्छे,’ ती म्हणाली. माझं नाव वत्सला, पण घरात मला त्या नावानं कोणी हाक मारल्याचं आठवत नाही. ‘न तुले तं कामच पाह्यजे. रिकामी बसशीन तं आपल्या दुखण्याले कुरवाळत बसशीन.’

तरी खरं सांगायचं तर ती शाळा मला आवडायची. आई पानिपताची लढाई अशी सांगायची, जणू काल शेजारच्या आळीत झाली. मध्येच थांबून ‘त्यायच्या बायका घरी वाट पाहत असतीन नं?’ असं म्हणायची आणि देठ काढायचं विसरायची नाही.

मी दहा वर्षांची झाले तेव्हा चौथीचं पुस्तक संपलं. त्या दिवशी आईनं ते मिटून बाजूला ठेवलं आणि म्हणाली, ‘माह्याजवळ होतं ते सरलं आता.’ पाचवीपासून इंग्रजी होतं आणि इंग्रजीतलं एक अक्षरही तिला येत नव्हतं. डॉक्टरांनी नुकतीच मला हळूहळू चालायची परवानगी दिली होती. जवळच एक बैठी शाळा होती, जिना नव्हता. मला तिथं थेट पाचवीत घ्यावं, एवढंच तिचं मागणं होतं. शेजारच्या बायकांनी तिला आधीच ऐकवलं होतं की चुलीपाशी शिकलेल्या पोरीला पहिलीत बसवतील, लहान लहान पोरांमध्ये. त्या दिवसापासून आईची झोप उडाली.

जूनच्या शेवटी आम्ही दोघी त्या शाळेत गेलो. आईनं मला नवा फ्रॉक घातला, तेल चोपडून वेण्या घातल्या आणि वाटेत दहादा बजावलं, ‘मोठ्या बाईसमोर हाताची घडी घालून बसजो. काई चाळे करू नको. शाळेत असंच बसतात.’ तिला शाळेची जेवढी आठवण होती, तेवढं तिनं प्रामाणिकपणे सांगितलं. वाटेत बाजार लागला. मुख्याध्यापिकांना भेटायला वेळ होता, म्हणून तिनं रात्रीसाठी गवार घेतली. बाजार लागला आणि आईनं भाजी घेतली नाही, असं कधी झालंच नाही.

मुख्याध्यापिका कुसुमताई उंच, चष्मा लावणाऱ्या आणि बोलायला अगदी मऊ होत्या. त्यांनी मला समोर बसवलं, नाव विचारलं. ते मी सांगितलं. मग म्हणाल्या, ‘सतराचा पाढा म्हण बरं.’

मी हाताची घडी घातली होती. तोंड उघडलं, पण काही येईना. सतराचा पाढा मला झोपेतही येत होता, पण त्या क्षणी तो कुठं गेला कोण जाणे.

‘बरं, नागपूरच्या जवळून कोणती नदी वाहते?’

मी त्यांच्या टेबलाकडे पाहत राहिले. त्यांनी आणखी दोन-तीन सोपे प्रश्न विचारले, अगदी लाडानं विचारले. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं.

‘वच्छे, काहून बोलून नाई राहिली?’ आई मागून म्हणाली. ‘येते तिले, बाई. देवाची शपथ, सारं येते.’

‘असू द्या,’ कुसुमताई म्हणाल्या. ‘चार वर्षं पोर आजारी होती. दुसरीत बसवू. तीन वर्षं मागं पडली म्हणून काही बिघडत नाही.’

 आई माझ्याकडे पाहत होती, म्हणजे माझ्या हातांकडे. मग ती एकदम उठली, पिशवी उघडली आणि मोठ्या बाईंच्या टेबलावर, हजेरीच्या पुस्तकाशेजारी, गवार ओतली.

‘अहो, हे काय!’ कुसुमताई ओरडल्या. ‘ही शाळा आहे!’

‘हाव बाई, माह्यीच चूक झाली. मीच तिले घडी घालाले लावली. एकडाव विचारा तुम्ही. मोड वं शेंगा.’

मी एक शेंग उचलली. टोक मोडलं, शीर ओढली, दोन तुकडे केले. ‘सतरा एके सतरा,’ मी म्हणाले. दुसरी शेंग. ‘सतरा दुणे चौतीस.’ आणि मग गाडी सुटली ती थांबेना. सतरा संपला, अठरा झाला, एकोणीस झाला. कुसुमताईंनी मध्येच नदीचं विचारलं तेव्हा मी हातातली शेंग खाली ठेवून अगदी खरं ते सांगितलं, ‘त्याच्यासाठी तांदूळ लागतात.’

कुसुमताई आधी माझ्याकडे, मग आईकडे बघत राहिल्या. मग चष्मा काढून एवढ्या हसल्या की बाहेरचा शिपाई डोकावून गेला. आई मात्र हसली नाही. तिच्या दृष्टीनं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, भूगोलाला तांदूळच लागतात.

‘अंजनाबाई,’ हसू आवरून त्या म्हणाल्या, ‘पोर हुशार आहे, माझी खात्री पटली. पण सहामाहीला मी हिच्या बाकावर भाजी ठेवू शकत नाही. आज हिला पाचवीत बसवते. महिन्याभरानं मी पुन्हा विचारीन, हात रिकामे ठेवून. सांगता आलं तर पाचवी. नाही आलं तर मला हिला खालीच बसवावं लागेल.’

मी शाळेत जायला लागले. वर्गात बाई प्रश्न विचारायच्या, मी फ्रॉकची किनार उसवत बसायची आणि गप्प राहायची. मुली मला ‘मुकी’ म्हणायला लागल्या. महिना संपत आला तरी काही फरक पडला नाही. आईनं आधी रागावून पाहिलं, मग साखर देऊन पाहिलं. शेवटी एका रविवारी दुपारी तिनं सूप उचलून उतरंडीमागं ठेवलं आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली.

‘आता काईच घ्याचं नाई हातात. तू बी नाई न मी बी नाई.’

आम्ही दोघी बसलो. बाहेर पाऊस थांबून उकाडा झाला होता. आईचे हात मांडीवर पडले होते. ते मी तसे कधी पाहिलेच नव्हते. मला ते कसेतरीच वाटले, दुसऱ्या कुणाचे तरी असावेत तसे. आई काहीतरी विचारणार होती, पण तिलाही सुचेना. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मग बघता बघता ती ढसाढसा रडायला लागली.

मी घाबरले. आई आजवर माझ्यासमोर रडली नव्हती. मी तापानं फणफणले होते तेव्हाही नाही.

‘आई, काय झालं वं?’

‘काई नाई,’ ती म्हणाली आणि मग सगळंच बोलली. ‘डॉक्टर म्हणाले होते, पोरीचं काई सांगता येत नाई. बाबाले बी नाई सांगितलं मी. हात रिकामे झाले का मले तेच दिसते वं. तू निजलेली न मी उशाशी. म्हणून मी हात थांबूच नाई दिले. तुह्ये बी नाई दिले. शिकवाची अक्कल कुठची मले? भेव वाटे, एवढंच.’

त्या वयात मला त्यातलं सगळं कळलं असेल असं नाही. पण आईला भीती वाटते, आणि ती माझ्यामुळे वाटते, एवढं कळलं. तिचं रडू थांबवायला काय करावं ते मला सुचेना. आई खूश व्हायची अशी माझ्यापाशी एकच गोष्ट होती. मी तिच्याजवळ सरकले आणि म्हणायला लागले, ‘सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एकावन्न.’ सतरा संपला तेव्हा ती मुसमुसत होती, म्हणून अठरा घेतला. मग नद्या सांगितल्या. मग पानिपत सांगितलं, आणि त्यायच्या बायका घरी वाट पाहत असतीन, हेही सांगितलं.

आईचं रडू कधी थांबलं ते मला कळलं नाही. तिनं डोळे पुसले, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, ‘वच्छे, हात पाह्य आपले.’

माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर होते. रिकामे.

पुढच्या आठवड्यात कुसुमताईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. आईला त्यांनी बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसायला सांगितलं. मी हाताची घडी घातली. त्यांनी पाढा विचारला, नदी विचारली, लढाई विचारली, आणि प्रत्येक उत्तरानंतर बाहेरून ‘कट्’ असा आवाज येत होता. आईनं वाटेत पुन्हा गवार घेतली होती. शेवटी कुसुमताईंनी दाराकडे तोंड करून मोठ्यानं सांगितलं, ‘अंजनाबाई, थांबा आता. ठेवली हो पाचवीत.’

तरी आवाज काही लगेच थांबला नाही.

संध्याकाळी बाबा जेवायला बसले. ताटातली भाजी त्यांनी बोटानं चिवडून पाहिली. सगळी गवार एवढी बारीक मोडली होती की शेंग कुठली आणि दाणा कुठला ते ओळखू येत नव्हतं.

‘हे काय केलं वं आज?’ ते म्हणाले.

आई चुलीपुढं बसली होती. भाकरी झाल्या होत्या, तवा उतरवला होता, आणि हात मांडीवर ठेवून ती माझ्याकडे बघत होती.

‘पोरगी पाचवीत गेली,’ ती म्हणाली. ‘खा चुपचाप.’