काळे ठिपके

प्रयोगशाळेत त्यांना सगळे ‘काचवाले’ म्हणत. रोग्याच्या शरीरातून काढलेला तुकडा सडू नये म्हणून फॉर्मॅलिनमध्ये मुरवायचा, मेणात बसवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचा आणि काचेवर चढवून रंगवायचा, हे काम त्यांनी अठ्ठावीस वर्षं केलं. काच पाहून रोगाचं नाव सांगणं डॉक्टरांकडे. नाव बरोबर आलं तर डॉक्टर हुशार. चुकलं तर काच वाईट. ही वाटणी कुठे लिहिलेली नव्हती, म्हणून ती कधी मोडलीही नाही.

अशा ठिकाणी टिकायला काचवाल्यांनी एक वाक्य कमावलं होतं: “माझंच चुकलं असेल, सर.” त्याने वाद मिटत आणि जेवणाची सुट्टी वेळेवर होई.

मग त्यांच्या थोरल्या बहिणीला घास अडकू लागला. घाईत खाल्लं असेल, असं म्हणत ताईने दोन महिने काढले. दुर्बिणीने पाहिलं तेव्हा अन्ननलिकेत गाठ निघाली, आणि तिचा तुकडा भावाच्याच टेबलावर आला. काचवाल्यांनी जीव ओतून काच बनवली. डॉक्टरांनी रांग मोडून ती आधी पाहिली. म्हणजे उपकारच केला.

“कॅन्सर आहे. नेहमीचाच,” डॉक्टर म्हणाले. “पण हे काळे ठिपके बघा. फॉर्मॅलिन शिळं वापरता तुम्ही.”

शिळं फॉर्मॅलिन रक्तावर असे ठिपके सोडतं, हे खरं. पण हे फॉर्मॅलिन त्यांनी त्याच दिवशी सकाळी बनवलं होतं. दुसऱ्या काचेवर पिक्रिक आम्ल घातलं असतं, तर फॉर्मॅलिनचे ठिपके धुऊन गेले असते. गेले नसते, तर ते पेशींचे स्वतःचे. नव्याने कामाला लागणाऱ्या प्रत्येकाला हे काचवालेच शिकवत. पण डॉक्टरांनी नुकतीच मेहेरबानी केलेली, आणि जिभेला वळण पडलेलं. “माझंच चुकलं असेल, सर,” असं म्हणून त्यांनी पाच लिटर चांगलं फॉर्मॅलिन टाकून दिलं.

नेहमीच्या कॅन्सरची नेहमीची औषधं सुरू झाली. ताईचे केस गेले, वजन गेलं. गाठ तेवढी जागची हलली नाही. चार महिन्यांनी मोठ्या इस्पितळाने तुकडा पुन्हा तपासला. तो मेलॅनोमा निघाला: त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर, जो अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या हजार रोग्यांत एखाद्यालाच होतो. काळे ठिपके ही त्याचीच खूण. तेव्हाच कापून काढता आला असता, असं तिथले सर्जन म्हणाले. आता तो यकृतात पोचला होता.

डॉक्टरांना वाईट वाटलं नाही असं नाही. पण अशी केस जन्मात एकदा हाती लागते. परिषदेत मांडायला त्यांनी बारा नव्या काचा मागितल्या.

त्या संध्याकाळी काचवाल्यांनी ताईला सगळं सांगून टाकलं. ती आता पाणीही चमच्याने पीत होती.

“फॉर्मॅलिन शिळं होतं?” तिने विचारलं.

“नाही.”

“मग तसं का म्हणालास?”

“सवय.”

ताईने डोळे मिटले. झोपली असावी असं वाटलं, तेवढ्यात ती बोलली.

“यांना सांगू नकोस. तिथे जाऊन भांडतील. तुझी नोकरी आहे अजून सहा वर्षं.” मग दम खाऊन म्हणाली, “आणि मलाही सांगायला नको होतंस, बाळ्या. तुला हलकं वाटावं म्हणून मी का ऐकायचं?”

काचवाल्यांनी चमचा भरला. तिने तोंड उघडलं. ते पाणी उतरायला बराच वेळ लागला.