चाकाखालचं लिंबू

दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं म्हणून गेलेलं यांचं लायसन्स वर्षभराने परत मिळालं. ते वर्षभर गाडीपुढचा बर्फ फावड्याने उपसून यांना ऑफिसला मीच सोडलं; त्यासाठी ड्रायव्हिंग शिकले. यांनी मात्र गाडी नवीच घेतल्यासारखी पूजा केली, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि माझ्यापुढे हात पसरला. "किल्ली आण इकडे. झाली तेवढी ड्रायव्हरकी पुरे."

मी दिली. लिंबू चिरडल्यावर हसलेसुद्धा.

पकडले गेले त्या रात्री पार्टीहून निघताना यांनी मला घरी फोन केला होता, जड जिभेने. तो ठेवून लगेच पोलिसांना फोन मीच लावला, हे यांना ठाऊक नाही. येत्या शनिवारी परत पार्टी होती, आणि नंबर मला पाठ होता.